कुवेतला गेलेल्या ढेपा

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. घरी नाही, मंडळीच्या बैठकीत नाही, आणि ज्या माणसाला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझी पत्रकं वाचली असतील म्हणून. बारामतीच्या बाजारात, इंदापूरच्या एसटी स्टँडवर, कधी ना कधी ती तुमच्या हातात पडली असतील. त्यांत मी अडत्यांवर लिहिलं, मापाड्यांवर लिहिलं, नाव घेऊन लिहिलं, कुणाची भीड ठेवली नाही. एका माणसाबद्दल मात्र लिहायचं राहिलं.

माझी सगळ्यात गाजलेली पत्रकं होती ती हैड्रोसवरची. उकळत्या रसात ही पांढरी पावडर टाकली की काळपट गूळसुद्धा हळदीसारखा पिवळा दिसतो. रंगारी लोक कापडाचा रंग उडवायला वापरतात तीच ही पावडर. ती घातलेला गूळ अस्सल म्हणून विकायचा, आणि खाणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही – हा व्यापार आहे की दरोडा? असं मी विचारायचो. टाळ्या पडायच्या. मला टाळ्या आवडायच्या, हेही लिहून टाकतो.

पाचेक वर्षांपूर्वी बावड्याच्या अलीकडच्या वीस-बावीस ऊसकऱ्यांनी मिळून एक सहकारी मंडळी काढली आणि मला चिटणीस केलं. अडत्याच्या दारात न जाता गूळ थेट परदेशी पाठवायचा, हा विचार माझाच. दाभोळकडचे एक इस्माईलशेट कुवेतला किराण्याचं दुकान चालवत होते. तिथं तेल लागलेलं, वाळवंटात रोज नवी आळी उभी राहत होती, आपल्याकडची हजारो माणसं कामाला गेलेली, आणि चलनही आपलाच रुपया. शेटजींना मोठं गोदाम बांधायचं होतं. मी पत्र घातलं – आमचा पहिला माल हाच आमचा भाग समजा, गोदामात आम्हाला भागीदार करा. सभासदांनी रोख काही दिलं नाही. प्रत्येकानं आपापल्या उसाचा गूळ दिला.

शेटजींचं उत्तर मराठीत होतं, वळणदार अक्षरात. इथं सगळे घाईनं श्रीमंत होतायत, कुणी काहीही विकतंय, त्यांनी लिहिलं होतं. माझं गिऱ्हाईक मात्र माझ्या शब्दावर माल घेतं, तेव्हा तुम्ही जसा सांगाल तसाच माल आला पाहिजे. मी उलट टपाली कळवलं – नुसत्या रानभेंडीच्या चिकानं मळी काढलेला गूळ, पावडरीचा कणही नाही. तोच मजकूर लेबलावर छापून घेतला.

आणि तसं होणारही होतं. कारण गुऱ्हाळावर गूळ उतरवणारे गुळव्या होते दगडूतात्या.

तात्या सुप्याचे. घरची जमीन कोरडवाहू, ऊस कधी पिकवला नाही. पण रस उकळायच्या काहिलीपुढं बसले की वाफेच्या वासावरून सांगायचे, पाक कधी उतरवायचा. हंगामात नीरेच्या कालव्यावरची निम्मी गुऱ्हाळं त्यांना आधी विचारून पेटायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. मी पत्रकं घेऊन तिथं गेलो की म्हणायचे, "तुमी कागुद उकळा, मी रस उकळतो. कुणाचं आधी घट्ट हुतंय बगू."

पहिले चार दिवस गूळ सोन्यासारखा निघाला. त्यातलाच नमुना मी शेटजींकडं पाठवला. मग कालव्याच्या शेपटाकडचा ऊस आला. त्या जमिनी पाण्यानं खारावलेल्या, हे मला ठाऊक होतं. गूळ काळा पडायला लागला. तात्या म्हणाले, "खारा ऊस काळाच हुनार. काळा म्हनून इका." किती साधी गोष्ट! शेटजींना चार ओळी लिहायच्या – निम्मा माल काळपट आहे, नमुन्यासारखा नाही. भाव कमी आला असता. गोदामातला आमचा भाग लहान झाला असता. बस, एवढंच झालं असतं.

मी त्या चार ओळी लिहिल्या नाहीत.

का नाही लिहिल्या? सभासदांच्या पोराबाळांसाठी? असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. परदेशात उघडणारी ती पहिली ढेप माझ्या पत्रकासारखी झळकायला हवी होती – माझ्या. म्हणून मी पुण्याला गेलो. रंगाऱ्यांच्या मालाच्या दुकानातून पावडर आणली. तात्या दुपारी विहिरीवर आंघोळ करून भाकरी खायचे, तेवढा वेळ काहिलीपाशी थांबतो म्हणालो. त्यांनी हातातला झारा माझ्याकडं दिला. तीन दिवस, रोज दुपारी, काहिलीत पावडर मी टाकली.

तात्यांनी पहिल्याच दिवशी खडा तोडून हुंगला, जिभेला लावला आणि थुंकले. ह्या उसाला हा रंग नसतो म्हणाले. मी सांगितलं, वरच्या तुकड्यातला ऊस मिसळला असेल. त्यांनी झारा माझ्या हातातून परत घेतला. मग "असंल" म्हणाले. शिकलेला माणूस, पत्रकवाला – त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा?

आता, हैड्रोसचा रंग टिकत नाही, हे मीच छापलं होतं. तरीही मला वाटलं, महिनाभर टिकेल. बारामतीहून दौंड, दौंडहून मुंबई, पुढं बोट. कुवेतला पेट्या उघडल्या तेव्हा ढेपा पुन्हा काळ्या पडल्या होत्या, आणि वर गंधकाचा दर्प. शेटजींनी लिहिलं, लेबल मी गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं होतं, आता त्यांना काय सांगू? सगळा माल गुरांच्या चाऱ्यात घालायला देऊन टाकलाय. हे कुणी केलं ते कळवा, नाहीतर आपला व्यवहार इथंच संपला.

पत्र मीच बैठकीत वाचलं, तात्यांनाही बोलावलं होतं. सगळ्यांची तोंडं तात्यांकडं वळली. माझ्यावर संशय कोण घेणार? मी तर हैड्रोसचा वैरी! काहिलीपुढं कोण बसत होतं? तात्या. तात्या एवढंच म्हणाले की म्या टाकली न्हाय. माझ्याकडं पाहिलं नाही, माझं नाव घेतलं नाही. एका सभासदानं विचारलं, मग काय आभाळातनं पडली? लोक हसले. मीही – हो, मीही हसलो.

इथं थांबलो असतो तर तो नुसता भ्याडपणा झाला असता. मी थांबलो नाही. त्या आठवड्यात मी पत्रक छापलं. सुप्याच्या गुळव्यानं परमुलखात आपल्या तालुक्याचं तोंड काळं केलं, असं लिहिलं. नाव ठळक घातलं. फार जोरदार उतरलं होतं ते. एक प्रत कुवेतला पाठवली. शेटजींचं उत्तर आलं – स्वतःच्या माणसाचा दोष उघड्यावर मांडणारी मंडळी मी पहिल्यांदा पाहिली, अशा सचोटीच्या लोकांशी भागीदारी करायला मला आनंदच आहे, तुमचा भाग पुढच्या मालातून धरू. बैठकीत ते पत्र दोनदा वाचायला लावलं मला.

नंतर एका बाजारच्या दिवशी बारामतीत तात्या समोर आले. कमरेतून पत्रक काढलं, चौकोनी घडी केलेलं, आणि माझ्या हातात दिलं. वाचून दावा म्हणाले. मी उभ्याउभ्या वाचलं. नावाच्या जागी आलो तेव्हा 'एक गुळव्या' म्हणून पुढं गेलो.

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. चटक्यांनी पांढरं पडलेलं बोट कागदावर बरोबर त्या ओळीवर ठेवलं. "ह्या वळीत माजं नाव हाय म्हनत्यात."

मी नाव वाचलं. मग पुढचंही सगळं वाचलं, शेवटपर्यंत.

"पावडर कुनी टाकली, तुमाला ठावं हाय का?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. आजूबाजूला कुणी ऐकत नव्हतं. एवढी सोय दिली होती त्यांनी मला.

मी नाही म्हणालो.

त्यांनी कागद परत घेतला, घडीवर घडी घातली. "लिवलंय मातुर झ्याक," ते म्हणाले. "दुसऱ्या कुनाचं नाव असतं तर मला बी पटलं असतं."

त्या हंगामात त्यांना एकाही गुऱ्हाळावरून बोलावणं आलं नाही. पुढच्याही नाही. आता ते कळसकडच्या रस्त्यावर खडी फोडतात. एसटीच्या खिडकीतून मी त्यांना दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा गाडी तिथं थांबली होती, आणि दोन्ही वेळा मी जागेवर बसून राहिलो.

गोदाम बांधून झालं. मंडळीचा गूळ दर साली कुवेतला जातो. चोख जातो, काळा असला तर काळा म्हणून जातो. मी हे लिहितोय तेव्हाही चिटणीस मीच आहे.