पाण्याच्या टाकीवरचा लाल ठिपका

त्या वर्षी गाईडची सही मिळाली नसती, तर माझी पीएचडीची नोंदणी रद्द झाली असती. सर म्हणाले, यंत्र चालताना मला डोळ्यांनी बघायचंय. आणि त्यासाठी त्यांनी नेमका सणाचा दिवस निवडला.

यंत्र म्हणजे प्लॅस्टिकच्या डब्या. गारखेड्यातल्या आमच्या सोसायटीत मी त्या चोरीच्या भीतीनं कुंड्यांच्या आड ठेवल्या होत्या. सिग्नल सोडणारी एक वेगळी डबी कुणी कुठंही लपवावी. जवळच्या डबीला सिग्नल जोरात पोचतो, लांबच्या डबीला क्षीण. त्यावरून लॅपटॉप नकाशावर लाल ठिपका दाखवतो. कुठली डबी कुठं आहे, हे मात्र त्याला मीच आधी सांगून ठेवलेलं असतं.

सरांना आमचं घर सापडेना. जन्मभर जागा शोधण्याचं शास्त्र शिकवलेला माणूस चौकात फोन कानाला लावून उभा! मी जाऊन त्यांना घेऊन आले. त्यांनी मला पाठमोरं उभं केलं, डबी लपवली आणि म्हणाले, "हं, शोधा."

ठिपका थेट जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीवर.

"चुकलं," सर म्हणाले.

"सर, नीट आठवा."

"अहो, मीच लपवलीय ना!"

माझा माझ्या गणितावर सरांपेक्षा जास्त विश्वास. वॉचमनकडून झाकण उघडून घेतलं आणि पालथी पडून खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. हाती फक्त शेवाळ आलं. चिडून मी एक कुंडी सरकवली. मागं मी ठेवलेली डबीच नव्हती. दुसरीच्या मागंही नव्हती.

घरी विचारायला तणतणत जिना चढले, सर माझ्यामागं. देवघरासमोर चौरंगावर माझ्या सगळ्या डब्या ओळीनं बसलेल्या, हळदकुंकू लावून, प्रत्येकीवर झेंडूचं फूल. एकाच जागी असल्यामुळं सगळ्यांना सिग्नल सारखाच पोचत होता, आणि बिचारा लॅपटॉप सगळ्या कुंड्यांपासून सारख्या अंतरावरची जागा दाखवत होता. ती टाकीची होती.

"आई, हे काय केलंत!" मी ओरडलेच.

पाचोडच्या सासूबाई शांत. "आज खंडेनवमी नाय का? हत्यारं पुजायची असत्यात. तू इसरलीस, म्हणून मीच गोळा केली. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाय."

डब्यांच्या शेजारी सासऱ्यांची थापी आणि ओळंबा होता. ते गवंडी होते. ते गेल्यापासून या चौरंगावर दुसरं काही बसलं नव्हतं, नवऱ्याचा लॅपटॉपसुद्धा नाही. सासूबाईंना माझं काम म्हणजे रिकामटेकडा खेळ वाटतो, असं मी माहेरी इतकी वर्षं सांगत आले होते. मला रडू आलं. राग मात्र होताच, सही हुकल्याचा.

सरांनी चौरंगाला नमस्कार केला, पेढा खाल्ला. "उद्या येतो," म्हणाले. "पत्ता आता कळलाय."

दसऱ्याला ठिपका जिन्याखालच्या सायकलवर पडला, डबी तिच्या टोपलीत निघाली आणि सही झाली.

सर गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "ह्या डब्या कॉलेजला परत द्याव्या लागत्यात का गं?"

"नाही आई, माझ्याच आहेत."

"मग बरं. एकदा पुजलेलं हत्यार आमी घराबाहेर देत नाय."