अक्काचा आडोसा

आमच्या अक्काला राग आला की ती भांडायची नाही, काहीतरी ठोकायला घ्यायची. सासूबाईंशी बिनसलं त्या दिवशी तिनं पाट केला. त्याचा एक पाय आखूड होता, त्यामुळं जेवायला बसलेला माणूस डुलायचा. अक्का वाढता वाढता म्हणायची, "अन्न गोड लागायलंय, म्हणून डुलायलाय."

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन राजेश्वरला आले तेव्हा घरात सगळं होतं, न्हाणीघर तेवढं नव्हतं. न्हायला परसात एक दगडी शिळा होती, आणि तिच्यावर थेट नजर पडेल असं शेजारच्या गुंडप्पाकाकांचं माळवद, म्हणजे घरावरची सपाट मातीची गच्ची. वाळवणाला माकडं लागू नयेत म्हणून काका उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काठी घेऊन वर बसायचे. माणूस देवासारखा, पण देव झाला तरी त्याच्यासमोर आंघोळ कशी करायची? म्हणून घरातल्या बायका पहाटे, अंधारातच उरकून घ्यायच्या. आमच्याकडं आंघोळीशिवाय गळ्यातल्या लिंगाची पूजा नाही, आणि पूजेशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. मी उदगीरची, झोपाळू. तिसऱ्याच दिवशी मला उठायला उजाडलं, काका वर हजर, आणि दुपारी मी भोवळ येऊन पडले.

अक्का थोरल्या दिरांना म्हणाली, "न्हाणीला फळ्यांचा आडोसा करा."

"दिवाळी होऊ दे, सुताराला बोलावू."

"पोरगी दिवाळीपत्तुर जित्ती ऱ्हाईल का?" एवढं बोलून अक्कानं पदर खोचला.

टेप, पट्टी असलं काही तिला लागत नसे. "माप म्हणजे मी," असं म्हणून ती हात वर करून उभी राहायची, आणि बोटं जिथं पोचतील तिथं मी कोळशाची रेघ मारायची. हातोडी नव्हती, खलातला लोखंडी बत्ता होता. बाभळीच्या चार मेढी तिनं पुरल्या आणि गाडीच्या जुन्या फळ्या ठोकायला सुरुवात केली. तेवढ्यात वरून काकांचा आवाज आला, "अक्का, ती मेढ झुकायलीय बघ!"

"काका, तुम्ही खाली बघू नका. तुमच्यापायीच आडोसा करायलेय!"

काकांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. मग काका म्हणाले, "असं व्हय? मग जरा उंच कर. माझी नजर लांब जाते."

फळ्या कमी पडल्या त्याही काकांनीच दिल्या. गावाबाहेरचा संस्थानी जकातनाका नुकताच उठला होता, त्याचं लाकूड त्यांनी सरपणाला आणून टाकलं होतं. त्यातली एक रुंद निळी फळी अक्काला फार आवडली. तिच्यावर पांढऱ्या रंगात उर्दू अक्षरं होती. "नक्षी झकास हाय," म्हणत तिनं ती आडोशाच्या दाराला, बाहेरच्या अंगानं, मधोमध ठोकली.

संध्याकाळी मामंजी पाय धुवायला परसात आले. त्यांची सगळी शाळा उर्दूत झालेली. दारासमोर थांबले, वाचलं, आणि पाय न धुताच आत गेले. मग थोरले दीर आले; तेही खोकत परत फिरले. घरातले सगळे पुरुष एकेक करून परसात जाऊन आले आणि उपरण्यात तोंड घालून हसू लागले. शेवटी आमच्या यांनी मला सांगितलं. फळीवर लिहिलं होतं : 'ठहरो. सामान खोलकर दिखाओ.'

मी हसून हसून पोट दुखेपर्यंत लोळले आणि मग जाऊन अक्काला सांगितलं. अक्का हसली नाही. फळी काढू म्हटलं तर म्हणाली, "माझा खिळा निघत न्हाई." तिनं अख्खं दारच उलटं बसवलं; अक्षरं आतल्या बाजूला गेली. "आता आतल्यानं वाचावं," ती म्हणाली. "आतल्याचं सामान उघडंच असतंय."

दुसऱ्या दिवशी मी चांगलं ऊन आल्यावर न्हाले. माझ्यानंतर अक्का गेली, ती येईचना. भाकरी गार झाली, तशा सासूबाई ओरडल्या, "कामून गं, झोपलीस का काय?"

आतून आवाज आला, "न्हाई अत्ती. पाण्यात ऊन बघायलेय."

चौदा वर्षं ती त्या शिळेवर अंधारात न्हात आली होती. स्वतःसाठी तिला तेवढा राग कधी आला नव्हता.

पुढच्या वर्षी भाषेवरून राज्यांची वाटणी झाली. आमचं गाव म्हैसूर राज्यात गेलं आणि मराठी शाळेत शिकवणाऱ्या आमच्या यांनी लातूरची नोकरी धरली. मोटारीपाशी सगळे रडत होते. अक्कानं मात्र माझ्या गाठोड्याची गाठ ओढून पाहिली आणि म्हणाली, "तिथं काय अडलं तर कुणाच्या तोंडाकडं बघत बसू नको. बोट ठेचतंय, पण काम होतंय."

लातूरच्या भाड्याच्या घरात पहिल्याच आठवड्यात खिडकीची झडप निखळली. हे शाळेत गेले होते. मी शेजारणीकडून हातोडी आणली आणि स्टुलावर चढले. पहिला घाव माझ्या अंगठ्यावर बसला. दुसरा खिळ्यावर.