मैत्रीभावना कोणासाठी

थ्रेशरमधून उडणाऱ्या सोयाबीनच्या कुटाराचा वास आला की मला दारव्ह्याच्या शाळेतली एक दुपार आठवते. शाळेमागच्या वावरात थ्रेशर चालू होतं आणि मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षिका डबे खात बसलो होतो. माझ्या एका ख्रिस्ती सहकारी बाईंचा नवरा वर्षापूर्वी ज्याच्या जीपखाली गेला, तो ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, मले माफ करा," एवढंच म्हणून तो रडू लागला. बाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं. "केलं माफ. जा, लेकरांकडे पाहा," म्हणाल्या. तो गेल्यावर मी, दर रविवारी विहारात जाणारी, सगळ्यांसमोर बोलले, "आमचा धम्म बुद्धीनं तपासून घ्या म्हणतो. देवानं सांगितलं म्हणून डोळे मिटून माफ करणं आम्हाला नाही जमत." बाईंचा घास हातातच राहिला. "डोळे मिटून नाही हो," त्या हळूच म्हणाल्या, "रोज सकाळी राग येते, रोज नव्यानं माफ करा लागते. तुमी विहारात मैत्रीभावना म्हनता, ते कोनासाठी?" "सगळ्या प्राण्यांच्या सुखासाठी," मी ऐटीत सांगितलं. "मंग भावासाठी पन?" वावराच्या वाटणीवरून मी भावाशी सहा वर्षं बोलत नव्हते, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी खरंच विचारलं होतं. सुट्टी संपली नव्हती, तरी मी खडू उचलून वर्गात निघून गेले. भावाला फोन करायला मी पुढं दोन वर्षं लावली. बाईंची माफी तर अजून मागितलेली नाही. त्यांनी मला त्याच दुपारी माफ केलं असणार, आणि तेच मला सोसवत नाही.