पाय धुण्यापुरते पाणी
नातीच्या चपलेतून समुद्रावरची वाळू उंबऱ्यात सांडली आणि जी गोष्ट मी आजवर कोणाला सांगू शकलो नाही, ती आठवली. त्या दुष्काळी वर्षी चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात दर चौथ्या दिवशी टँकर येई. ऊसच नसल्याने वडील कामाला होते त्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप झाले नाही. त्या रिकाम्या दिवसांत आम्ही प्रथमच कोकणात समुद्र पाहायला गेलो आणि किनाऱ्यालगत एका घरी खोली घेऊन उतरलो. पहिल्या सकाळी आईने गावच्या सवयीने परातीत बसून अंघोळ केली आणि ते साबणाचे पाणी बादलीत भरून खोलीच्या पायरीवर ठेवले. घरमालकीण हसून म्हणाली, "दारात हे कसलं पाणी हो?" कॉलेजात शिकणारा मी ओशाळलो आणि बादली माडाच्या मुळाशी ओतून आलो. आई धावत आली. "कावून सांडलंस? समद्यांचे वाळूचे पाय धुवायला ठिवलं व्हतं." "आई, इथे नळ आहे," मी दबक्या आवाजात म्हणालो. "नळाचं प्यायचं असतंय, लेकरा." संध्याकाळी सारे लाटांकडे निघाले, तेव्हा ती पायरीवरच बसली. "तुमी जावा. माझे पाय भरले की अजून तांब्याभर लागंल." लोक तिला पुन्हा हसतील, या धास्तीने मी आग्रह केला नाही. समुद्र तिथून जेमतेम पन्नास पावलांवर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परतलो. समुद्रावर जायचा योग आईला पुन्हा आला नाही. आज नातीचे पाय धुताना नळ मी लवकरच बंद केला. तिच्या टाचेला थोडी वाळू तशीच राहिली.