मोकुबेईच्या तालमीची पाटी

"भिंत मोडली तर मोडू द्या की, बाई. म्होरल्या चौकटीत म्या उबी करतो. नऊ सालं त्येच तर करतोय."

"आता नाही करायची, दादा. मोडलेलं मोडलेलंच राहणार."

"आन् म्हाताऱ्याचा हात?"

"तोही."

कुरामोचीनं टाक दौतीच्या काठावर निथळवला.

कुरामोची इसाओ, वय चोपन्न. गाव आकिताच्या डोंगरात, घरचा धंदा लाकडी वाट्यांचा आणि लाखेचा. तोक्योत तीस वर्षं काढली तरी बोली शहरी झाली नाही. व्हावी असं त्याला कधी वाटलंही नाही. हिरुकावाबाई त्याच्याहून सोळा वर्षांनी लहान, पण चित्रकथा त्यांची, म्हणून बाई त्या. टोफूवाल्याच्या माडीवर दोन खोल्या, तिथं बसून 'मोकुबेईची तालीम' एका साप्ताहिकाच्या दर अंकासाठी काढायची. माणसं बाई काढायच्या. माणसांच्या मागचं सगळं, म्हणजे भिंत, दार, दारावरची पाटी, कुरामोचीचं.

कथा हसायची होती. मोकुबेई हा म्हातारा वस्ताद, पठ्ठे एकापेक्षा एक ऐदी. लाथ बसली की माणूस भिंतीतून आरपार, भिंतीला माणसाच्याच आकाराचं भोक, डोक्यावर बटाट्याएवढं टेंगूळ. पुढच्या चौकटीत ना टेंगूळ, ना भोक. हरलेल्या तालमीची पाटी जिंकणारा घेऊन जातो नाहीतर फोडतो, ही जुनी रीत. मोकुबेईची पाटी नऊ वर्षांत एक्केचाळीस वेळा फुटली आणि एक्केचाळीस वेळा कुरामोचीनं ती अखंड टांगली.

मग वाचक हसायचे थांबले. अंकात घातलेल्या कार्डावर आवडत्या तीन कथा लिहून धाडायच्या असतात. त्या मोजणीत तालीम घसरत घसरत एकोणिसावर आली. आणखी घसरली की बंद. संपादक नुमाजिरीनं दहा आठवड्यांची मुदत दिली. बाईंनी ठरवलं, एक परका येईल, मोकुबेईचा उजवा हात मोडेल, भिंतीला भोक पाडेल, पाटी फोडेल, आणि या खेपेला कुणी हसणार नाही.

"रडवायचं असेल तर नवा हात आणा," नुमाजिरी म्हणाला. "कुरामोचींचा हात भोकं बुजवायला सरावलाय."

कुरामोची दोन हात अंतरावरच बसला होता. चोपन्नाव्या वर्षी दुसरीकडं कुणी काम देणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"बघू," बाई म्हणाल्या.

पाटी फुटली तो अंक उत्तम निघाला. लाकडाचा एकेक तंतू कुरामोचीनं सोलून दाखवला होता. त्यानंतरचे दोन अंक डोंगरातल्या मारामारीचे, त्यांत दार आलंच नाही. चौथ्या अंकात म्हातारा हात गळ्यात बांधून घरी येतो. बाईंनी सगळा जीव त्या हातात ओतला. कुरामोचीनं मागचं दार काढलं, आणि दारावर, नऊ वर्षांच्या सवयीनं, अखंड पाटी. बाईंनी हात बघितला, नुमाजिरीनं हात बघितला, पाटी कुणीच बघितली नाही. पानं छापून गेली.

पुढच्या आठवड्यात नुमाजिरी कार्डांचा गठ्ठा घेऊन जिना चढला.

"एकच सवाल आहे सगळ्यांचा. पाटी कुणी जोडली?"

कुरामोचीनं अंक उघडला, पान बघितलं. "म्या," तो म्हणाला. "हात आपसूक गेला, बाई. डोळा न्हाई गेला तिकडं."

"मी सांगत होतो," नुमाजिरी म्हणाला.

बाई कार्डं वाचत राहिल्या. दहाबारा वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली. "तुमच्या गावाकडं फुटकं लाकूड कसं जोडतात, दादा?"

"भात घोटायचा, लाखेत कालवायचा, लावायचं आन् आवळून बांधायचं. पर बांधायला दोन हात लागत्यात."

"एकाच हातानं जोडलं तर?"

"तर वाकडं बसंल."

"मग म्हाताऱ्यानं जोडलीय, डाव्या हातानं. वाकडीच हवी."

"मागच्या अंकात सरळ दिसली ती?" नुमाजिरीनं विचारलं.

"लांबून सरळच दिसते. आता जवळ जाऊ."

वाकडं काढणं सोपं नव्हतं. कुरामोचीनं चार वेळा सांधा काढला, चारही वेळा हातानं तो सरळ आणला. शेवटी दुपारच्या डब्यात मासळीची वडी ज्या पातळ फळीवर थापून येते, ती फळी त्यानं धुतली, गुडघ्यावर मोडली, आणि उजवा हात पट्ट्यात खोचून डाव्या हातानं भाताच्या खळीनं जोडायला बसला. खळ मिशीला लागली.

"मिशीत अक्षदा, लगीन लागल्यावानी दिसतंय तोंड," तोच म्हणाला.

"कुणाशी, फळीशी?" बाई म्हणाल्या.

"तिनंच हात धरलाय, सोडंना."

फळी वाळली. एक बाजू नखभर वर राहिली होती, आणि फटीतून जास्तीची खळ बाहेर येऊन तिथंच सुकली होती. कुरामोचीनं ती फळी समोर टेकवून ठेवली आणि जसं दिसलं तसं काढलं, ओघळासकट.

नुमाजिरीनं पान उजेडाकडं धरलं. बराच वेळ धरलं. मग पाकिटात घातलं.

"नवा हात शोधू का?" त्यानं बाईंना विचारलं.

"कशाला?"

तो जिना उतरून गेला. त्या अंकाची मोजणी आली तेव्हा तालीम सतरावर होती. दहा आठवड्यांतले पाच उरले होते.

बाईंनी पुढचं पान सरकवलं. "यात दार सहा वेळा आहे."

"साही ठिकानी वाकडं?"

"सहाही."

"आन् भोक, भिंतीचं?"

"आहे तिथंच."

कुरामोचीनं फळी जरा जवळ ओढली आणि टाक दौतीत बुडवला.