मेहंदीखालचा मासा

आधीच सांगून टाकते, हात बघून भविष्य सांगण्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. आणि हे मी ऐकीव माहितीवर बोलत नाहीये. मी मेहंदी काढते. वर्ध्याला बोरगाव मेघेत राहते आणि लग्नसराईत पार हिंगणघाटपर्यंत माझ्या ऑर्डर असतात. कुठल्याही ज्योतिष्यापेक्षा जास्त हात मी मांडीवर घेतलेत. लांबलचक भाग्यरेषेच्या बाया रडताना पाहिल्यात, आणि हातावर रेषांचा नुसता गुंता असलेल्या बाया सुखानं नांदताना पाहिल्यात. दोन्ही तळहात जोडून अर्धचंद्र झाला की नवरा देखणा मिळतो म्हणे... माझा होतो अर्धचंद्र. माझ्या नवऱ्याला तुम्ही पाहिलेलं नाही म्हणून बरं.

मासा, शंख, कमळ, मुठीत येणारा तीळ — नशीबवानांची ही सगळी चिन्हं मला पाठ आहेत, कारण हात बघणारे आमच्या घरातच आहेत. माझ्या नवऱ्याचे मामा. हिंगणघाटला त्यांचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक ब्लाउजपीस निवडेपर्यंत मामा तिचा हात बघून मोकळे होतात, तेही फुकट. त्यांचा नियम एकच — वाईट कधी तोंडानं सांगायचं नाही. चांगलं चिन्ह दिसलं तर दुकानभर ऐकू जाईल असं सांगतात. आणि काही वाईट दिसलं, तर हात हळूच खाली ठेवतात आणि विचारतात, "चहा सांगू का?"

गिऱ्हाइकांना वाटतं, काय अगत्य आहे माणसाला! आम्हा घरच्यांना मात्र त्या चहाचा अर्थ ठाऊक आहे.

माझी नणंद प्रणाली. तिला मामांनी दोनदा चहा विचारला होता. दोन्ही वेळा तिला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा ते टिकले नाहीत. योगायोग, दुसरं काय? मी तिला किती वेळा समजावलं. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मागच्या वर्षी तिला परत दिवस गेले. सातवा लागला तसं आम्ही डोहाळजेवण ठरवलं, तिच्या माहेरी म्हणजे आमच्याकडेच. मामांना बोलावणं भाग होतं, सासूबाईंचे एकुलते एक भाऊ. आदल्या दुपारी मी कोन घेऊन बसले, तर प्रणालीनं दोन्ही हात माझ्यापुढे केले आणि म्हणाली,

"वहिनी, येवढी भरून काढ का एक बी रेघ दिसली नाई पायजे. मामाले काईच दिसू नको देऊ."

"येवढी काऊन भिऊन राह्यली वं?"

"या खेपेले त्यायनं चहा इचारला नं वहिनी... तं मी मरून जाईन."

तिचे हात गार पडले होते. मला भडभडून आलं. पण म्हटलं, "हलू नको, डिझाइन बिघडते."

काढायच्या आधी मी कोऱ्या हातांचा फोटो घेतला. ही माझी नेहमीची सवय. उद्या कुणी म्हणायला नको की पुरळ माझ्या मेहंदीनं आलं. मग बसले. मधोमध कमळ, बाजूनं वेली, बोटं टोकापर्यंत भरलेली, आणि मनगटाच्या वर, तळव्याच्या बुडाशी, बारीक जाळी. मोर नाही, कोयरी नाही, आणि मासा तर नाहीच नाही. एवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी ओटी भरली, गाणी झाली, आणि मामांनी हाक मारली, "आण वं पोरी, हात आण." मी तयारच होते. स्वयंपाकघरातून धावत ट्रे आणला आणि कप त्यांच्या हातात कोंबला. विचारा म्हटलं आता चहा!

मामांनी कप बाजूला ठेवला. प्रणालीचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बाया हसायला लागल्या, "मामा, मेहंदीत काय दिसन तुमाले?" मामा हसले नाहीत. त्यांचा अंगठा तळव्यावरून फिरत फिरत माझ्या जाळीवर येऊन थांबला.

"मासा हाय," ते म्हणाले. "अख्खा मासा. तोंड बोटाइकडं. ह्या पोरीचं लेकरू दणकट निंघते, लिहून ठेवा."

प्रणाली त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्यानं आज पुण्य कमावलं. जाळीत कसला आलाय मासा!

त्याच आठवड्यात तिला कळा सुरू झाल्या. फार लवकर. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. बोटं मेहंदीनं भरलेली, म्हणून ऑक्सिजन मोजायची ती क्लिप नर्सबाईंनी पायाच्या बोटाला लावली आणि माझ्याकडे असं काही बघितलं की विचारू नका. लेकरू झालं — मुलगी, ओंजळीत मावेल एवढी. लगेच काचेच्या पेटीत ठेवली.

मग सुरू झालं वाट बघणं. पोरीजवळ जायचं तर दर वेळी साबणानं हात कोपरापर्यंत धुवायचे. प्रणाली धुवायची, पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालायची आणि पोरीच्या पाठीवर ठेवायची. बाहेर आली की एकच वाक्य, "मामानं सांगतलं नं वहिनी. मासा हाय." मी मान डोलवायची. आयुष्यात एवढी भीती मला कधी वाटली नाही. कारण त्या मेहंदीखाली काय आहे, ते मला माहीत होतं. काहीच नव्हतं.

पोर हळूहळू सावरली. पेटीतून काढून तिला आईच्या छातीशी दिली त्या दिवशी मी प्रणालीचा हात धरला... आणि धरूनच राहिले. धुऊन धुऊन मेहंदीचे फिकट केशरी डाग तेवढे उरले होते. आणि बुडाशी, माझी जाळी होती तिथे, मासा होता. दोन रेघा वाकून वर एकमेकींना भेटलेल्या, खाली एकमेकींना छेदून शेपटी झालेली. मी अंगठ्यानं खसाखसा घासलं.

"काय करून राह्यली वहिनी?"

"काई नाई. डाग पाह्यतो."

डाग नव्हता. कातडीतली रेघ होती. घरी येऊन मोबाइलमधला कोऱ्या हाताचा फोटो उघडला, मोठा करून करून बघितला. तिथे साफ तळवा. तिच्या लग्नातली मेहंदी काढायच्या आधी घेतलेला फोटो शोधला. तोही साफ.

पेढे घेऊन मी एकटीच हिंगणघाटला गेले आणि दुकानात मामांना सरळ विचारलं, "मामाजी, मेहंदीतून तुमाले मासा दिसला कसा?"

मामांनी आधी गल्ल्यावरच्या पोराला बाहेर पाठवलं. "सूनबाई, खरं सांगू? मले काई दिसलं नाई. दोन्ही डोयात मोतीबिंदू. कापडाचा रंग बी पोराले इचारून सांगतो. पोरीचा हात थरथरून राह्यला होता. मनात आलं तं बोलून टाकलं."

"मामाजी, मासा आहे. मी पाह्यला."

ते ओशाळं हसले. त्यांना वाटलं, मी त्यांचं मन राखतेय.

मामांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर आम्ही पोरीचं बारसं केलं. मी प्रणालीचा हात त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. मामांनी बघितलं. तिला खिडकीशी नेऊन परत बघितलं. अंगठ्यानं घासलं, मी घासलं होतं तसंच. मग हात हळूच खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"सूनबाई... चहा टाका."

प्रणालीचा चेहरा पांढराफटक पडला. पण मी मामांकडे बघत होते. या वेळी हात त्यांचे थरथरत होते.

"अवं, तुह्यासाठी नाई वं," मी तिला जवळ घेतलं. "त्यायलेच पायजे चहा."

माझ्या एक गिऱ्हाईक डॉक्टरीणबाई आहेत. त्या म्हणाल्या, बाळंतपणाची सूज उतरली की हाताला नव्या सुरकुत्या पडतात. बरं, पडत असतील. पण नेमक्या तिथेच? शेपटीसकट? मामांचं गुपित प्रणालीला हे वाचून कळेल. कळू दे, पोर आता घरभर रांगते आणि कुणाच्या बापाला आवरत नाही.

हात बघण्यावर माझा आजही विश्वास नाही, अगदी ठामपणे सांगते. फक्त डोहाळजेवणाची मेहंदी काढताना तळव्याच्या बुडाशी मी आता जाळी भरत नाही. तेवढी जागा कोरी सोडते. बाया विचारतात, इथं काऊन नाई काढलं? मी म्हणते, नवीन फॅशन आहे.