चार गुणांचे वैर

जयपूरच्या चारदीवारीतल्या पुस्तकबाजारात, एका जिन्याखालच्या खोलीत प्रतिमा गजभिये पासबुक लिहितात. पासबुक म्हणजे इकडचे गाइड. पती दिलीप रेल्वेत. त्यांची बदली झाली तेव्हा प्रतिमांची नागपूरची शिक्षिकेची नोकरी सुटली आणि हे काम हाती आले.

कामाची रीत ठरलेली आहे. प्रश्न चार गुणांचा, तर उत्तरात चार मुद्दे. परीक्षक मुद्दे मोजतो, मुले मुद्दे पाठ करतात.

नववीच्या एका खासगी प्रकाशकाच्या पाठ्यपुस्तकात पश्चिम आशियावर धडा आहे, आणि त्याखाली चार गुणांचा प्रश्न: ‘मुस्लिम व ज्यू यांच्यातील संघर्षाची कारणे लिहा.’ गेल्या वर्षी प्रतिमांनी पहिला मुद्दा धड्यातूनच उचलला होता: दोन्ही धर्मांत प्राचीन काळापासून शत्रुत्व आहे.

यंदा नवी आवृत्ती निघताना संगणकावर पाने लावणारे अनीसभाई म्हणाले, “मॅडमजी, आमची अर्शी तुमचंच पासबुक वाचते. परवा विचारते, अब्बू, आपण यांच्याशी कधीपासून लढतोय?”

“मग?”

“म्हटलं, बेटा, मी तर झोटवाड्याच्या बसमध्ये सीटसाठीसुद्धा लढलो नाही.” ते हसले. “ती नाही हसली. वर्गात मुली म्हणतात, तुम्ही लोक असेच.”

“मी शाळेत असताना आमच्या जातीबद्दल पुस्तकात दोन ओळी असायच्या,” प्रतिमा म्हणाल्या. “बाई वाचायला लागल्या की अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा.”

त्या दिवशी त्यांनी पहिला मुद्दा नव्याने लिहिला. बगदाद, कैरो अशा शहरांत ज्यू आणि मुसलमान शतकानुशतके शेजारी राहिले. आजचे भांडण मुख्यतः जमिनीचे आणि राज्याचे आहे, आणि ते गेल्या शंभरेक वर्षांतले आहे.

मालक पवनजींनी पान वाचले. “भाभीजी, विचारलंय भांडणाचं कारण. शेजार हे कारण कसं?”

“पण आधीचं खरं नाही.”

“खरं असेल-नसेल. मूळ पुस्तकात आहे. पोराचा गुण गेला तर बाप माझ्या दुकानावर येतो, बगदादला नाही जात.”

“मग हा धडा मी लिहीत नाही.”

“नका लिहू,” पवनजी शांतपणे म्हणाले. “गेल्या वर्षीचा तयार आहे.”

जुना मजकूर परत बसवायचे काम अनीसभाईंचेच होते. त्यांनी बगदाद, कैरो खोडले आणि प्राचीन शत्रुत्व जागेवर आणले. जुना मुद्दा आखूड असल्याने पानाच्या तळाशी जागा उरली. रिकामी जागा पवनजींना चालत नाही. अनीसभाईंनी तिथे नेहमीची चौकट टाकली: ‘महत्त्वाचे. हे उत्तर पाठ करा.’

“मॅडमजी,” पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारले, “अर्शीनं पेपरात काय लिहायचं?”

प्रतिमांनी पिशवी खांद्याला लावली.

“चारही मुद्दे लिही म्हणावं. पहिलासुद्धा.”